ट्यूब अ‍ॅम्पचा राक्षस लॅपटॉपमध्ये आला खरा, पण तुमच्याकडे तो मधमाश्यांसारखा का वाजतो?

इन्स्टावर अशी रील तुम्ही बघितलीच असेल. एक पोरगा बेडवर मांडी घालून बसलाय. मांडीवर गिटार, बाजूला लॅपटॉप, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे. आणि आवाज कसला, तर स्टेडियममध्ये मेटल बँड सुटलाय असा. प्रत्यक्षात त्या खोलीत तेव्हा फक्त तारांची किणकिण ऐकू येत असते. भिंती हलवणारा तो सगळा कारभार हेडफोनच्या आत चाललेला असतो.

ते बघून आपल्यातलाच कुणीतरी पेटतो. गिटार आहे, लॅपटॉप आहे, एक फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं, स्क्रीनवरची सगळी बटणं फुल केली आणि तार छेडली. बाहेर काय येतं? पोळं उठल्यासारखी नुसती घूं घूं. मग निष्कर्ष निघतो की फुकटचं सॉफ्टवेअर बंडल असतं, विकतचं घ्यायला पाहिजे. पैसे साठवून तेही घेतलं जातं. पोळं तिथंच.

खरं सांगायचं तर यात सॉफ्टवेअरचा दोष कमी असतो. आत बसवलेली वस्तू मुळात कशी वागते हे माहीत नसलं की ती वाजवता येत नाही. म्हणून एकच अ‍ॅम्प धरून हा विषय सोडवू. मेटल ऐकणाऱ्यांनी ज्याचा आवाज नाव माहीत नसतानाही शेकडो वेळा ऐकलाय तो अ‍ॅम्प, पीव्ही ५१५०.

आधी हे ५१५० काय प्रकरण आहे?

एडी व्हॅन हेलन हे नाव ओळखीचं नसेल, तर मायकल जॅक्सनचं 'बीट इट' आठवा. १९८२ च्या 'थ्रिलर' अल्बममधलं. त्यातला मधला गिटार सोलो वाजवणारा गडी म्हणजे एडी, आणि त्याने त्याचा एक पैसाही घेतला नव्हता. (तो आवाज ५१५० चा नाही बरं का. तेव्हा हा अ‍ॅम्प जन्मालाच यायचा होता.)

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ५१५० नावाचं एक कलम आहे. मानसिक अवस्थेमुळे एखादा माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं, तर त्याला तपासणीसाठी ७२ तासांपर्यंत ताब्यात ठेवता येतं. एडीने आपल्या घरच्या स्टुडिओला हेच नाव दिलं, १९८६ मध्ये बँडच्या अल्बमलाही दिलं, आणि पुढे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या पीव्ही कंपनीसोबत १९९२ मध्ये अ‍ॅम्प आणला तेव्हा त्यालाही तेच चिकटलं. उच्चार 'फिफ्टीवन-फिफ्टी'. कंपनीच्या बाजूने त्याचं डिझाइन करणारा इंजिनिअर होता जेम्स ब्राऊन. गायक जेम्स ब्राऊनशी त्याचा काही संबंध नाही, नुसतं नाव सारखं.

गंमत म्हणजे एडीने तो स्वतःच्या हार्ड रॉकसाठी बनवून घेतला आणि उचलला मात्र मेटलवाल्यांनी. जड, कोरडा, हातोडा मारल्यासारखा रिफ हवा असेल तर ५१५०, असं समीकरणच झालं. २००४ मध्ये एडी आणि पीव्ही वेगळे झाले, नाव एडीसोबत गेलं. कंपनीने तोच अ‍ॅम्प ६५०५ नावाने विकायला सुरुवात केली. १९६५ ते २००५, कंपनीची चाळीस वर्षं, म्हणून ६५०५. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये ६५०५ दिसलं तरी समजून जा, घराणं तेच आहे.

आता एक कामाची माहिती. दुसऱ्याच्या अ‍ॅम्पचं नाव ट्रेडमार्क असतं, त्यामुळे मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या ते सरळ लिहीत नाहीत, आडून सुचवतात. लाइन ६ च्या हेलिक्समध्ये हाच अ‍ॅम्प 'पीव्ही पनामा' नावाने बसलाय ('पनामा' हे व्हॅन हेलनचं गाजलेलं गाणं). फ्रॅक्टल ऑडिओच्या यंत्रात तो 'पीव्हीएच ६१६०' होतो. यादीत ५१५० सापडत नाही म्हणून निराश होण्याआधी अशी टोपणनावं शोधा.

गिटारचा अ‍ॅम्प आणि मंडळाचा अ‍ॅम्प

गणपतीच्या मांडवात अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर बघितला असेल. त्याचं काम सरळ असतं. माइकमध्ये जे बोललं ते मोठं करून भोंग्यात पाठवायचं, आवाज फाटू द्यायचा नाही. आवाज फाटला की ऑपरेटरला शिव्या.

गिटारच्या हाय-गेन अ‍ॅम्पचं काम उलटं असतं. तो आवाज मुद्दाम फाडतो. मात्र कुठे, किती आणि कसा फाडायचा हे ठरवलेलं असतं, आणि सगळी कला त्या ठरवण्यात आहे.

आत काचेच्या ट्यूब असतात. आजोबांच्या रेडिओत जे व्हॉल्व्ह होते, त्याच जातीच्या. मूळ ५१५० मध्ये १२एएक्स७ नावाच्या पाच छोट्या आणि ६एल६ नावाच्या चार मोठ्या ट्यूब आहेत, ताकद १२० वॅट. एका १२एएक्स७ च्या काचेत दोन स्वतंत्र भाग असतात आणि प्रत्यक्ष सर्किटमध्ये त्यातला एक भाग सिग्नल साधारण पन्नास-साठ पट मोठा करू शकतो. आता असे टप्पे एकामागोमाग लावले तर काय होईल? पहिल्याने पन्नास पट केलं, त्यातलं थोडं कापून दुसऱ्याला दिलं, त्याने पुन्हा मोठं केलं. ट्यूबला एका मर्यादेपलीकडे जाता येत नाही. त्यामुळे सिग्नलच्या लाटेचा माथा सपाट होतो, तळही सपाट होतो, पण दोन्ही सारखे होत नाहीत. पुढच्या टप्प्यात ही सपाट झालेली लाट अजून दाबली जाते. हेच ते डिस्टॉर्शन.

यातली खरी मेख टप्प्यांच्या मधे आहे. प्रत्येक टप्प्यानंतर सर्किट थोडा खर्ज कापून टाकतं. खर्ज जास्त असताना आवाज फाडला की चिखल होतो, तारा एकमेकींत मिसळतात. आधी खर्ज काढायचा, मग फाडायचं, आणि शेवटी मोठ्या ट्यूबपाशी खर्ज परत द्यायचा, अशी ही पद्धत. ५१५० वर 'रेझोनन्स' नावाचं एक बटण आहे, त्याचं काम हेच. फाडून झाल्यावर शेवटच्या टप्प्यात खर्जाचा दणका परत आणणं. तसंच 'प्रेझेन्स' हे बटण वरच्या बाजूची धार वाढवतं.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे बटणं फिरवताना हेच उपयोगी पडणार आहे.

मग आपण खरा अ‍ॅम्पच का घेत नाही?

घेता येतो. पण १२० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प आणि चार स्पीकरचं कपाट ही गोष्ट टू-बीएचकेमधली नाही. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हा अ‍ॅम्प थोडा मोकळा सोडला तरी शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. आणि आवाज एकदम बारीक ठेवला तर मोठ्या ट्यूब आणि स्पीकर कामालाच लागत नाहीत, म्हणजे ज्यासाठी तो आणला तेच मिळत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय होईल ते वेगळंच.

शिवाय त्याची उस्तवार आहे. अमेरिकेतून कुणी आणला तर तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० येतात, म्हणजे वेगळा ट्रान्सफॉर्मर लागणार. ट्यूब झिजतात, बदलाव्या लागतात. स्पीकर न जोडता चालू केला तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि आत काही शे व्होल्टचा दाब खेळत असतो, जो प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये साठून राहतो. जाणकार नसताना झाकण उघडणं हे जिवावरचं काम आहे. लॅपटॉपमधल्या अ‍ॅम्पमध्ये यातलं काहीच नाही, आणि माझ्या मते घरात गिटार वाजवणाऱ्यासाठी हा मुद्दा टोनच्या वादापेक्षा मोठा आहे.

लॅपटॉपमध्ये तो शिरला कसा?

दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता सर्किटचा. अ‍ॅम्पचा नकाशा घ्यायचा, प्रत्येक रेझिस्टर, कपॅसिटर, ट्यूब कशी वागते याची गणितं मांडायची आणि ती सेकंदाला ४८ हजार वेळा किंवा त्याहून जास्त वेळा सोडवायची. यात प्रत्येक बटण खऱ्यासारखं वागवता येतं. लाइन ६ चा लाल रंगाचा, घेवड्याच्या दाण्यासारखा दिसणारा पॉड १९९८ मध्ये आला आणि अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल ही कल्पना त्याने घराघरात नेली. तेव्हाच्या चिप्स फार काही ताकदीच्या नव्हत्या, आवाजात ते कळायचं. आज तसं राहिलेलं नाही.

दुसरा रस्ता सध्या जास्त गाजतोय. अ‍ॅम्प उघडायचाच नाही. त्याच्या एका टोकातून काही मिनिटांचा ठरावीक चाचणी सिग्नल आत सोडायचा, दुसऱ्या टोकातून काय बाहेर आलं ते रेकॉर्ड करायचं, आणि दोन्ही एका न्यूरल नेटवर्कला द्यायचे. आत हे गेलं तर बाहेर ते आलं पाहिजे, एवढंच ते शिकतं. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचं 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर', म्हणजे नॅम, याच पद्धतीचं आहे. ते ओपन सोर्स आहे, पूर्ण फुकट आहे, आणि लोकांनी आपापल्या अ‍ॅम्पवरून बनवलेल्या फाइल्स टोन३००० सारख्या साइटवर मिळतात. ५१५० च्या तर ढिगाने.

पण यात एक अट आहे, आणि ती न कळल्यामुळे बरेच जण चुकतात. अशी फाइल म्हणजे आधार कार्डावरचा फोटो आहे. त्या क्षणी चेहरा जसा होता तसाच राहणार. फाइल बनवणाऱ्याने गेन ४ वर आणि मिड ५ वर ठेवून रेकॉर्ड केलं असेल, तर तुम्हाला तेवढंच मिळालं. स्क्रीनवर बेस, मिडल, ट्रेबलची बटणं दिसतात ती सहसा नंतर लावलेल्या साध्या इक्वलायझरची असतात, अ‍ॅम्पच्या आतली नव्हेत. इनपुट वाढवलं तर आवाज जास्त फाटतो हे खरं, पण ते खऱ्या गेनच्या बटणासारखं नसतं, कारण ते बटण सर्किटच्या पोटात मधल्या टप्प्यावर बसलेलं असतं. म्हणून जास्त गेन हवा असेल तर जास्त गेनवर काढलेली दुसरी फाइल घ्या. बटणं ओढाताण करून काही होत नाही.

पोळं उठतं ते इथे

आता मुख्य प्रश्न. घूं घूं का होते?

दहापैकी आठ वेळा कारण एकच असतं. अ‍ॅम्प आहे, पण स्पीकर नाही.

गिटारचा स्पीकर हा घरातल्या म्युझिक सिस्टीमसारखा नसतो. साधारण ५ हजार हर्ट्झच्या वर तो झपाट्याने हात टेकतो. अ‍ॅम्प आवाज फाडतो तेव्हा वरच्या पट्टीत भरपूर कचरा तयार होतो आणि स्पीकर तो चाळणीसारखा अडवतो. आपण रेकॉर्डमध्ये जो गिटारचा आवाज ऐकतो तो अ‍ॅम्प, मग स्पीकरचं कपाट, मग त्यासमोरचा माइक, अशा तिघांतून आलेला असतो. हेडफोनमध्ये ही चाळणी नाही. अ‍ॅम्पचं नुसतं मॉडेल थेट त्यात सोडलं की सगळा कचरा कानात.

यावरचा उपाय म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, थोडक्यात आयआर. एका विशिष्ट कपाटाचा, विशिष्ट माइकचा, विशिष्ट जागेवरून घेतलेला ठसा. एक छोटी ऑडिओ फाइल असते ती. मेटलसाठी ठरलेली जोडी म्हणजे सेलेस्टियन कंपनीचे व्हिंटेज ३० स्पीकर चार बसवलेलं कपाट आणि समोर शुअरचा एसएम५७ माइक. सुरुवात याच जोडीच्या आयआरने करा. माइक स्पीकरच्या मधोमध असेल तर आवाज धारदार, कडेला सरकवला तर मऊ. दोन-तीन सेंटिमीटर इकडे-तिकडे झालं तरी फरक कळतो. म्हणूनच मी म्हणेन, अ‍ॅम्पची दहा मॉडेल्स गोळा करण्यापेक्षा एक मॉडेल ठेवून दहा आयआर लावून बघा. आवाज जास्त तिथे बदलतो.

आणि उलटी चूकही होते. नॅमच्या काही फाइल्स कपाट आणि माइकसकट काढलेल्या असतात, त्यांना 'फुल रिग' म्हणतात. त्यावर पुन्हा आयआर लावला तर चाळणीवर चाळणी, आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा. फाइलच्या वर्णनात काय लिहिलंय ते वाचा. एवढं वाचायचा कंटाळा केला की पुढचा तास बटणं फिरवण्यात जातो.

गिटार लॅपटॉपला कशी जोडायची?

यासाठी ऑडिओ इंटरफेस लागतो. लॅपटॉपच्या माइकच्या छिद्रात गिटारची वायर कन्व्हर्टरने घालायचे उद्योग करू नका. इंटरफेसवर गिटारसाठी वेगळं इनपुट असतं, बाजूला 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं असतं किंवा गिटारचं चित्र असतं. तेच वापरायचं आणि त्याचं बटण दाबलेलं आहे ना ते बघायचं. गिटारच्या पिकअपला समोर साधारण १० लाख ओहमचा, म्हणजे १ मेगाओहमचा इनपुट लागतो. लाइनच्या इनपुटमध्ये तो कितीतरी कमी असतो, तिथे जोडली की वरची धार आत शिरण्याआधीच मरते.

मग येतो इनपुटचा गेन. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मॉडेल आवाज फाडतं तो आपल्याला हवाय. इंटरफेसने फाडलेला नकोय. इंटरफेसवर लाल दिवा लागला की सिग्नल मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच कापला गेला, आणि तो पुढे कशानेही दुरुस्त होत नाही. म्हणून इंटरफेसचं बटण सगळ्यात खालून सुरू करा, गिटारचा आवाज फुल ठेवा, जमेल तेवढ्या जोरात पॉवर कॉर्ड मारा आणि लाल दिवा लागत नाही याची खात्री करा. कमी वाटलं तर सॉफ्टवेअरच्या इनपुटवर वाढवा.

'कमी-जास्त' म्हणजे नेमकं किती? खरा अ‍ॅम्प असता तर गिटारमधून जेवढे व्होल्ट निघाले तेवढेच त्यात गेले असते. डिजिटलमध्ये ते प्रमाण इंटरफेसवर ठरतं, आणि प्रत्येक इंटरफेस वेगळा. त्यामुळे तीच फाइल मित्राकडे तुफान वाजते आणि तुमच्याकडे मिळमिळीत. इंटरफेसच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त इनपुट किती ते डीबीयू या एककात दिलेलं असतं. मॉडेल कोणत्या पातळीसाठी बनवलंय हे जिथे सांगितलेलं असतं, तिथे हे दोन आकडे जुळवायचे. नॅमच्या नव्या फाइल्समध्ये ही नोंद बऱ्याचदा आत असतेच. नसेल तर कानावर सोडा. हलक्या हाताने वाजवल्यावर आवाज थोडा मोकळा झाला पाहिजे. हाताच्या जोराने काहीच फरक पडत नसेल तर इनपुट जास्त आहे.

तार छेडली आणि आवाज उशिरा आला

याला लेटन्सी म्हणतात. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने गठ्ठ्याने उचलतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८ हजार हर्ट्झवर १२८ चा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे १०.७. हे एका बाजूचं. जाऊन-येऊन धरलं तर दुप्पट आणि वर इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ.

हा वेळ किती मोठा? हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे स्टेजवर अ‍ॅम्पपासून तीन मीटर लांब उभं राहिलं तरी नऊ मिलिसेकंद उशीर होतोच, आणि तिथे कुणी तक्रार करत नाही. त्यामुळे एकूण दहाच्या आसपास असेल तर डोक्याला ताप करून घेऊ नका. पण वीस-पंचवीस झालं की हात अडखळायला लागतात, जलद रिफ तर वाजवताच येत नाही.

विंडोजवर असाल तर इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका. हे एक काम केलं की निम्म्या लोकांचा प्रश्न सुटतो. मग बफर ६४ किंवा १२८ वर आणा. आवाज तुटायला लागला, कडकड यायला लागली, तर एक पायरी वर.

सेटिंगमध्ये 'ओव्हरसॅम्पलिंग' दिसेल, ते याच भांडणातलं दुसरं टोक आहे. आवाज फाडला की फार वरच्या पट्टीतले स्वर तयार होतात. ४८ हजार नमुन्यांच्या डिजिटल जगात २४ हजार हर्ट्झच्या वरचं काही मावत नाही, पण ते गायबही होत नाही, दुमडून खाली येतं. ३० हजार हर्ट्झचा स्वर १८ हजारावर येऊन बसतो, जिथे त्याचा काही संबंध नाही. सिनेमात घोडागाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार कानाला. जितका गेन जास्त तितका हा घोळ जास्त. वरच्या तारेवर उंच स्वर ओढताना मागे एखादी बेसुरी शिट्टी ऐकू आली तर हे कारण असू शकतं. ओव्हरसॅम्पलिंग ४ पट केलं की ती बहुतेक जाते, पण प्रोसेसरवर ताण येतो. सराव करताना बंद ठेवा, रेकॉर्डिंग पक्कं करताना चालू करा.

आता बटणं

एवढं झाल्यावर बटणांकडे या. ५१५० चा गेन १० पर्यंत जातो, पण १० वर ठेवायला तो दिलेलाच नाही असं समजा. लीड चॅनेलवर ३ ते ५ मध्ये भरपूर होतं. रेकॉर्डमधला गिटारचा आवाज प्रचंड वाटतो कारण तोच रिफ दोनदा वाजवून एक डाव्या आणि एक उजव्या कानात टाकलेला असतो. प्रत्येक वेळी हात थोडा वेगळा पडतो, त्या फरकातून ती रुंदी येते. एकच रेकॉर्डिंग कॉपी-पेस्ट करून दोन्हीकडे टाकलं तर काही होत नाही, मधोमध फक्त आवाज वाढतो. दोनदा वाजवणार असाल तर गेन अजून खाली आणा.

अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हा हिरवा पेडल लावायची मेटलवाल्यांची जुनी युक्ती आहे. आयबानेझ कंपनीचा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हिरव्या रंगाचा कुठला तरी डबा असतोच. त्याचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल फुल, टोन मध्यावर. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, डिस्टॉर्शनचा पेडल आणि ड्राइव्ह शून्य? पण इथे तो फाडण्यासाठी नसतोच. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग तो वाढवत नाही आणि मधला भाग पुढे ढकलतो. म्हणजे वर सांगितलेलं तेच, फाडण्याआधी खर्ज काढणं. पाम म्यूटचा 'धग-धग' सैल वाटत असेल तर आधी हे करून बघा.

मिडल शून्य करायचा मोह टाळा. एकट्याने वाजवताना खर्ज आणि ट्रेबल वाढवून मिड काढला की भारी वाटतं, विशेषतः बारीक आवाजात, कारण कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि वरची पट्टी कमी ऐकू येते. पण ड्रम आणि बेस आले की गिटार गायब. तिची जागा मिडमध्येच आहे. तसंच, साध्या ट्यूनिंगमधल्या गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची असते, त्यामुळे शेवटी ८० च्या आसपास हाय-पास फिल्टर लावला तर काही बिघडत नाही, बेस गिटारला जागा मिळते. ड्रॉप सी मध्ये तीच तार ६५ वर येते, तेव्हा फिल्टरही खाली न्या.

नॉइज गेट अ‍ॅम्पच्या आधी ठेवा. तारा हाताने दाबून धरा, गेट हळूहळू वाढवा, सूं सूं थांबली की तिथेच थांबा. अजून वाढवला तर लांबवलेला स्वर मध्येच कापला जाईल.

आणि सूं सूं थांबतच नसेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. चार्जर काढल्यावर गुणगुण गेली, तर भानगड चार्जरची किंवा घरातल्या अर्थिंगची आहे. दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. गुणगुण घालवायला थ्री-पिनची अर्थची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. लोखंडी तारांना हात लावून बसलेला माणूस तुम्हीच असता.

पण खऱ्यासारखं वाजतं का?

प्रश्न कुठल्या 'खऱ्या'शी तुलना करताय यावर आहे. रेकॉर्डवर ऐकू येणारा ५१५० आणि नीट लावलेलं मॉडेल यात फरक सांगणं आज फार अवघड झालंय. पण खोलीत मोठ्या कपाटासमोर उभं राहिल्यावर पँट हलते, स्पीकरच्या हवेने तार परत थरथरते आणि स्वर आपोआप लांबत जातो, ते हेडफोनमध्ये येणार नाही. कारण तिथे माइकने ऐकलेला अ‍ॅम्प तुम्ही ऐकताय, खोलीतला नाही. बऱ्याच जणांची 'डिजिटलमध्ये जीव नाही' ही तक्रार प्रत्यक्षात ही असते. मॉडेल मोठ्या स्पीकरवर, जरा आवाज वाढवून ऐकलं की ती बरीचशी मावळते.

हेडफोनवर मात्र आवाज जपून. हाय-गेनमध्ये चढ-उतार फार कमी असतात, सगळं एकसारखं दाबलेलं, त्यामुळे कानावर सतत मारा होतो आणि ते जाणवत नाही. तासाभराने कान गुणगुणायला लागले तर आवाज जास्त होता.

सुरुवात करायला पैसे लागतात ते इंटरफेसचे. नॅम फुकट आहे, ते स्वतंत्रही चालतं आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्येही. रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. क्रॅक केलेले प्लगइन टेलिग्रामवर फिरत असतात, त्यासोबत काय काय लॅपटॉपमध्ये येतं हे वेगळं सांगायला नको, आणि फुकटात चांगलं मिळत असताना त्याची गरजही उरलेली नाही. लॅपटॉपच नसेल तर आयफोनवर गॅरेजबँडमध्ये अ‍ॅम्पची मॉडेल्स आधीच दिलेली आहेत. अँड्रॉइडवर लेटन्सी फोनगणिक बदलते, त्यामुळे इंटरफेस विकत घेण्याआधी कुणाचा तरी उसना आणून आपल्या फोनवर लावून बघा.